डबा उलार झाला!

'जगात जर्मनी आणि भारतात परभणी' असे आमच्याकडे मोठ्या अभिमानाने म्हणतात. हे पहिल्यांदा कोण म्हणाले आणि कशाच्या जोरावर म्हणाले, या चौकशीत खरा परभणीकर पडत नाही. पण गेल्या वर्षीच्या दिवाळीत ही म्हण मला चांगलीच महागात पडली.

त्याचे असे झाले. चिरंजीव पुण्याहून दिवाळीला आले होते. फराळाची ताटली मांडीवर घेऊन त्यांनी आपल्या फोनवर एक चित्रफीत लावली. जर्मनीतले एक कुटुंब सुट्टीला निघाले होते. पुढे मोटार आणि तिच्या मागे जोडलेले चाकांचे छोटेसे घर! त्यात निजायला गाद्या, स्वयंपाकाचा ओटा, हात धुवायला मोरी, सगळे जागच्या जागी. तळ्याकाठी गाडी थांबली, घरधनिणीने खिडकी उघडली आणि चहाचे आधण ठेवले.

"बाबा, जर्मनीत असले डबे पैशाला पासरी आहेत," चिरंजीव म्हणाले. "मग परभणीनंच काय घोडं मारलंय?"

मी हसून विषय टाळणार होतो. तेवढ्यात कोपऱ्यातून आईचा आवाज आला, "कामून रे, त्या डब्यात संडास असतो का?"

आम्ही सारे एकमेकांकडे पाहतच राहिलो. आईचे वय एक्याऐंशी. वडील होते तोवर दोघांनी कार्तिकीची पंढरी कधी चुकवली नाही. पुढे गुडघे गेले, तरी ती मोटारीतून जात असे. पण तीन वर्षांपूर्वी तिने एकाएकी जाणेच बंद केले. "आता इथूनच हात जोडते," एवढेच म्हणे. रात्री दोन-तीनदा उठावे लागते, परक्या ठिकाणी जिना उतरून अंधारात चाचपडत जावे लागते, सुनेला उठवावे लागते. या संकोचापायी म्हातारीने पंढरी सोडली होती, आणि ते आम्हांला तिच्या त्या एका प्रश्नातून कळले!

चिरंजीवांनी मान डोलावली. "असतो आजी. लहानसा असतो, पण असतो."

झाले! डबा आणायचा हे त्याच क्षणी ठरून गेले. प्रश्न उरला तो एवढाच, की त्याच्या पुढे कोणती गाडी जुंपायची? या एका प्रश्नाने आमचे वर्ष खाल्ले. आपल्यापैकी कोणाच्या घरी असाच बेत शिजत असेल तर त्यांचे कष्ट वाचावेत, म्हणून हा खटाटोप.

विंचवाचे बिऱ्हाड

पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणे आपल्याला नवे नाही. धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून मुलखोमुलूख हिंडणारा लमाणांचा तांडा आपल्या लोकांनी शतकानुशतके पाहिला. गाडीवर भाता-ऐरण टाकून गावोगाव शेतीची अवजारे घडवीत फिरणारे घिसाडी मराठवाड्यात कोणाला ठाऊक नाहीत? आणि आजही दसरा झाला की आमच्या रस्त्यांवरून ऊसतोडीला निघालेली कुटुंबे दिसतात. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत धान्याची पोती, चूल, भांडी, कोंबड्या आणि त्यांवर बसलेली लेकरे. आपण घर ओढायचे ते हौसेने, ते ओढतात पोटासाठी. हा फरक विसरून चालणार नाही.

हौसेचे घर मात्र साहेबाच्या मुलखातले. डॉ. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थांनी १८८५ साली ब्रिस्टल येथे दोन घोड्यांनी ओढायचे एक प्रशस्त घर मुद्दाम बांधून घेतले. त्याचे नाव 'वाँडरर', म्हणजे भटक्या. १९०७ साली तर इंग्लंडात अशा हौशी मंडळींचा क्लबच निघाला. पहिले महायुद्ध संपताच, १९१९ साली, बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीमागे जोडायचे डबे विकायला आणले.

आणि आमची जर्मनी? तिथली हकीकत सर्वांत गोड आहे. इस्नी गावच्या आरिस्ट डेथलेफ्स यांचा धंदा चाबूक बनवण्याचा! धंद्यासाठी ते सदा फिरतीवर. त्यांची पत्नी फ्रीडेल चित्रकार. नवऱ्याबरोबर फिरता यावे आणि चित्रेही काढता यावीत, असे काहीतरी चाकांचे घर करा, असा तिने हट्ट धरला. डेथलेफ्सनी १९३१ साली तसे घर बांधले, आणि त्यातून पुढे कॅराव्हॅनचा कारखानाच उभा राहिला. घरातल्या बाईच्या एका वाक्याने डबा जन्माला आला तो असा. आमच्याकडे तरी दुसरे काय झाले?

१९६३-६४ साली अमेरिकन मंडळींचा रुपेरी कॅराव्हॅनांचा एक अख्खा तांडा सिंगापूरहून निघून आपल्या देशातून पार पोर्तुगालमधील लिस्बनपर्यंत गेला होता. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. म्हणजे कल्पना जुनी आहे आणि सरकारही अनुकूल आहे. राहता राहिली गाडी.

ओढायचे काय घेऊन बसलात?

गाडीची गोष्ट काढली की सल्ल्यांना तोटा नसतो. शेजाऱ्यांनी सांगितले, इंजिन मोठे पाहा. मेहुण्यांनी सांगितले, अश्वशक्ती पाहा. ऑफिसातल्या एका सद्‌गृहस्थांनी तर ट्रॅक्टरच घ्या असे सुचवले. वर्षभर भाड्याने देता येईल, हा त्यांचा हिशेब!

शेवटी मी एका ट्रॉली बनवणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो. ट्रॉली बांधण्यात त्यांची उभी हयात गेलेली. मी विचारले, "मिस्त्री, सातशे किलोचा डबा ओढायला गाडी किती ताकदीची लागेल?"

मिस्त्रींनी हातातली वेल्डिंगची कांडी खाली ठेवली. "साहेब, वढायचं काय घेऊन बसलाव? वढायला तर रेडा बी वढतो. थांबतंय का ते बघा आधी!"

घरी येऊन चिरंजीवांनी कागदावर गणित मांडले, तेव्हा मिस्त्रींचे म्हणणे अक्षरशः पटले. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी वस्तू अडवणे म्हणजे सुमारे सव्वासहा मीटरवरून, दुमजली घराच्या गच्चीवरून पडलेली वस्तू झेलण्यासारखे. वेग दुप्पट करा, ८० करा. आता तीच वस्तू पंचवीस मीटरवरून, म्हणजे आठ मजल्यांवरून येते आहे! वेग दुप्पट झाला की भार चौपट होतो. आणि तो सारा भार गाडीच्या ब्रेकांनी सोसायचा. मागच्या सातशे किलोंना स्वतःचे ब्रेक नसतील तर ते पुढच्या गाडीतल्या माणसांनाच ढकलीत येणार.

म्हणून इंग्लंडात नियम आहे, की भरलेल्या ट्रेलरचे कमाल वजन ७५० किलोंहून अधिक असेल तर त्याला स्वतंत्र ब्रेक हवेतच. आणि ब्रेक नसलेला ट्रेलर मोटारीच्या निम्म्या वजनाहून जड असता कामा नये. ब्रेक असले तरी भरलेला डबा मोटारीच्या वजनाच्या शेकडा ८५ पर्यंतच ठेवावा, असा नवख्यांना तिथे सल्ला देतात. डब्याच्या ब्रेकांची युक्तीही मोठी सोपी आहे. पुढची गाडी हळू झाली की डबा जोडावर पुढे रेटा देतो. त्या रेट्यानेच डब्याच्या चाकांचे ब्रेक लागतात. ढकलणाऱ्याच्याच जोरावर ढकलणाऱ्याला आवरायचे!

वजनकाट्यावर

मग प्रश्न आला, आपला डबा भरेल किती? चिरंजीवांच्या ओळखीच्या पुण्यातल्या एका हौशी गृहस्थांना आपला लहान डबा विकायचा होता. नोंदणी झालेला, स्वतःचे ब्रेक असलेला. "महिनाभर वापरून पाहा, मग बोलू," असे म्हणून त्यांनी तो स्वतः परभणीला आणून सोडला. रिकाम्या डब्याचे वजन ४८० किलो, आणि भरून जास्तीत जास्त ७५०.

"म्हणजे २७० किलो सामान!" आमच्या सौ. खुश झाल्या. "एवढ्यात तर संसार मावेल."

संसार मावला, पण कसा ते पाहा. पिण्याचे व वापरायचे पाणी ६० लिटर, म्हणजे ६० किलो. गॅसची लहान टाकी व शेगडी २० किलो. बॅटरी ३०. गाद्या-पांघरुणे ३५. भांडी आणि शिधा ४५. आईची खुर्ची व तिच्या वस्तू १५. बाहेर लावायचे कापडी छत व त्याचे खांब २५. बेरीज झाली २३० किलो! मोंढ्याजवळ ज्या वजनकाट्यावर कापसाच्या गाड्या तोलतात, तिथे आम्ही डबा नेला. काटेवाल्याने गंभीरपणे विचारले, "माल काय आहे?" सौ. म्हणाल्या, "संसार." आकडा आला ७१० किलो.

वाचकहो, ही पहिली पायरी कधी चुकवू नका. आधी डबा भरून तोला आणि मग गाडी शोधा. लोक नेमके उलटे करतात. आधी गाडी घेतात, मग तिच्यामागे काय लावता येईल ते पाहतात.

वर्षाचे साडेतीनशे दिवस

आमची जुनी लहान मोटार या परीक्षेत पहिल्याच फेरीत बाद झाली. तिचे वजन नऊशे किलोंच्या आसपास. शिवाय तिच्या माहितीपुस्तिकेत स्पष्टच छापले होते, की ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी बनवलेली नाही. कित्येक लहान मोटारींच्या पुस्तिकेत असे असते. ते पान आपण कधी उघडत नाही, एवढेच. हुक बसवून देणारा कारागीर कोपऱ्याकोपऱ्यावर भेटेल, पण तो हुक कशाला धरून आहे, हे पाहिले पाहिजे.

लहान मोटारींची आणखी एक अडचण असते. त्यांपैकी बहुतेकींची पुढची चाके ओढतात. डब्याचा भार मागच्या टोकावर आला की गाडीचे नाक किंचित उचलले जाते आणि चढावर नेमकी ओढणारी चाकेच हलकी होतात. मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत तोच भार कामी येतो, चाके रस्त्याला घट्ट धरतात. म्हणून चॅसिसच्या दणकट चौकटीवर बांधलेली, मागची किंवा चारही चाके फिरणारी, जुनी जीप आणि बोलेरो यांच्या जातीची गाडी या कामाला बरी. विजेच्या मोटारीत जोर भरपूर असतो, पण डबा लावला की एका चार्जिंगमध्ये तोडायचा पल्ला निम्म्याच्या आसपास येतो. आमच्या भागातून लांब जायचे तर अजून तो धीर होत नाही.

मी आनंदाने एका भल्या थोरल्या गाडीची चित्रे घेऊन घरी आलो. सौ. शाळेत शिकवतात आणि मोटार रोज त्याच चालवतात. त्यांनी चित्रे पाहिली आणि शांतपणे विचारले, "अहो, वर्षातून डबा किती दिवस ओढायचा?"

"असतील पंधरा दिवस."

"मग उरलेले साडेतीनशे दिवस हे धूड मी भाजीबाजारात नेऊ? गांधी पार्काच्या गर्दीत ते वळवायचं कुणी? आणि आईंना त्यात चढवायचं कसं? त्यांचा गुडघा तेवढा वर जातो का?"

हा प्रश्न कोणत्याही पुस्तिकेत नव्हता. खरोखरीच, ओढायला जी गाडी चांगली तीच चढायला उंच. ज्या माणसासाठी सारा खटाटोप, त्यालाच आत पाय ठेवता आला नाही तर काय उपयोग? त्या दिवसापासून आम्ही गाड्या पाहायला आईला बरोबर नेऊ लागलो. विक्रेते इंजिनाची महती सांगत, आणि आम्ही आई कशी चढते ते पाहत असू! अखेर चार मीटरच्या आतली, चॅसिसवर बांधलेली एक डिझेल गाडी सर्वांना पसंत पडली. वजन सोळाशे किलोंच्या वर, म्हणजे आमचा भरलेला डबा तिच्या निम्म्याहून कमी. पायरी मिस्त्रींनी सुचवली, आणि शिवाय देवघरातला जुना चौरंग गाडीत कायमचा आला.

ओढण्याची परवानगी आणि जोडावर किती किलो भार चालतो, हे गाडीच्या कंपनीकडून लेखी घ्यावे. तोंडी 'चालतंय की!' यावर जाऊ नये. कायद्याचेही पाहावे. ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे. त्याची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा, विमा वेगळा. शिवाय ओढणाऱ्या गाडीचा नंबरही त्याच्यावर लावावा लागतो. आमच्या डब्यावर आता त्याच्या पुण्याच्या नंबराबरोबर गाडीचा 'एम.एच. २२' आला आहे, आणि त्यामुळे तो परभणीकर झाला असे आम्ही समजतो.

जिंतूर रस्त्यावर

पण हे सगळे पुढचे. गाडी घेण्याआधी एकदा ओढून पाहावे, म्हणून एका शेतकरी मित्राची जीप मागून घेतली होती. फवारणीच्या पाण्याची टाकी नेण्यासाठी तिला मागे मजबूत जोड होता. येलदरीच्या धरणापर्यंत जाऊन यायचे ठरले. मित्र गाडी चालवणार, शेजारी मी, मागे सौ., चिरंजीव आणि आई. चालत्या डब्यात माणूस बसवायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून पक्के होते.

सामान सौ.नी भरले होते, आणि नीटनेटके भरले होते. दार डब्याच्या मागच्या बाजूला असल्याने पाण्याचे कॅन, शिधा, भांडी सारे हाताशी, म्हणजे दाराजवळ ठेवलेले.

शहर सुटले. रस्ता मोकळा लागला. वेग साठाच्या वर गेला, आम्ही गप्पांत रंगलो. एका उतारावर समोरून भरधाव ट्रक आला आणि त्याच्या वाऱ्याचा तडाखा बसून आम्ही जरा डाव्या बाजूला सरकलो. मित्राने चाक सावरले. आणि मग डब्याने शेपूट हलवायला सुरुवात केली. आधी थोडी, मग जास्त, मग जीपचा मागचा भागच डावीकडे-उजवीकडे ओढला जाऊ लागला. चाक फिरवावे तसे ते वाढतच होते. सौ.नी आईला दोन्ही हातांनी धरले. मी "ब्रेक! ब्रेक!" असे ओरडलो.

माझे ऐकले नाही, हे मित्राचे उपकार! ट्रॉली ओढणारा माणूस तो. त्याने चाक घट्ट सरळ धरले आणि फक्त पाय उचलला. वेग उतरत गेला, शेपूट हळूहळू शांत झाले आणि आम्ही कडेला एका लिंबाखाली थांबलो. कोणी काही बोलेना. जोरात ब्रेक दाबले असते किंवा चाक इकडे-तिकडे फिरवले असते, तर डब्याने आम्हांला आडवे केले असते.

सर्वांच्या आधी आई बोलली. अगदी साध्या आवाजात. "डबा उलार झालाय रे."

"काय झालाय?" चिरंजीवांनी विचारले.

"उलार! मागं जड. आमच्या गाडीत बाया मागल्या अंगाला बसल्या की अस्संच व्हायचं. जू वर उचलायचं आन बैलांच्या गळ्याला फास लागायचा. तुझे आजोबा खाली उतरून सगळ्यांला पुढं सरकवायचे. पण लई पुढं बी नाही. मग बैलाच्या मानंवर भार येतो, खांदे सोलतात."

मी डब्याच्या जोडाकडे गेलो. जीपपासून सोडवून दांडी उचलून पाहिली, तर एका हाताने सहज वर आली. सातशे किलोंच्या डब्याचे नाक वीस किलोंचेही नव्हते!

पन्नास किलोंचे शहाणपण

जगभरच्या जाणत्यांनी जे नियमात बांधले आहे, तेच आई बैलगाडीच्या भाषेत सांगत होती. डबा आखावर तोललेला असतो. त्याच्या नाकाने जोडावर थोडे वजन टाकलेच पाहिजे. इंग्लंडात डब्याच्या एकूण वजनाच्या शेकडा ५ ते ७ सांगतात, अमेरिकेत १० ते १५. फार कमी झाले की डबा उलार होऊन शेपूट हलवतो. फार झाले की पुढच्या गाडीचा मागचा भाग खाली दबतो, पुढची चाके हलकी होऊन वळणावर गाडी ऐकत नाही. आमच्या ७१० किलोंना ५० ते ५५ किलो बेताचे होते.

हे मोजायला कारखान्यात जावे लागत नाही. घरातला माणसे तोलायचा काटा सपाट जमिनीवर ठेवायचा, त्यावर लाकडी ठोकळा उभा करायचा आणि डबा सपाट राहील अशा बेताने दांडीचे टोक त्यावर टेकायचे. चाकांना आधी दगड लावायचे, हे सांगायला नकोच. आम्ही अंगणात हा उद्योग मांडला. पाण्याचे कॅन दारापासून काढून आखाच्या किंचित पुढे आणले, बॅटरी पुढे सरकवली, शिधा खाली ठेवला. जड ते खाली आणि आखाजवळ, हलके ते वर आणि टोकांना. काटा ५४ वर थांबला. आई खुर्चीत बसून पाहत होती. म्हणाली, "आता बैल खुशीनं चालतील."

दुसऱ्या दिवशी तोच रस्ता, तीच जीप, तोच मित्र. वेग मात्र पन्नासाच्या आत. डबा गरीब गायीसारखा मागून आला.

त्यानंतर काही गोष्टी अंगवळणी पाडल्या. उतारावर आधीच खालचा गिअर टाकायचा, नाहीतर सारखे दाबून ब्रेक तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवायचे. उलटे जाताना डब्याचे तोंड चाकाच्या विरुद्ध फिरते. ही विद्या मिस्त्रींच्या हाताखालच्या एका तरुणाने रविवारी मोंढ्याच्या मोकळ्या जागेत आम्हांला शिकवली. चिरंजीव इंजिनिअर असूनही चार वेळा डबा आडवा करून बसले, त्याने एका हाताने बिनचूक लावून दाखवला! आमच्या काळ्या जमिनीत पावसात डांबर सोडायचे नाही, चाके रुततात ती रुततात. आणि मे महिन्यात, पारा ४४-४५ वर असताना, पत्र्याच्या डब्याचे नावही काढायचे नाही. आमचा मोसम कार्तिक ते फाल्गुन.

देव घरीच असतो

तालमीत कार्तिकी निघून गेली, म्हणून आईला वाईट वाटेल अशी आम्हांला भीती होती. तसेही त्या गर्दीत डबा नेणे म्हणजे आपल्याला आणि वारकऱ्यांना दोघांना त्रास. पण तीच म्हणाली, "देव काय एकादशीलाच घरी असतो?"

नव्या गाडीची आणि डब्याचीही कागदपत्रे हाती आल्यावर मार्गशीर्षात आम्ही निघालो. गंगाखेडला गोदावरीचे दर्शन घेतले. जनाबाईचे गाव ते. पंढरीच्या वाटेवर तिला विचारल्याशिवाय पुढे कसे जायचे? परळी सोडल्यावर बालाघाटाचा चढ लागला. गाडीने दुसऱ्या गिअरमध्ये, न कुरकुरता, डबा वर नेला. मागे खोळंबलेल्या गाड्यांना दोनदा कडेला थांबून वाट दिली. अंबाजोगाईला ओळखीच्यांच्या अंगणात मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी कळंब, बार्शी, कुर्डूवाडी करीत दिवेलागणीला पंढरपूर गाठले. एका दिवसाचा रस्ता आम्ही दोन दिवस घेतला, पण पोहोचलो ताजेतवाने.

रात्री मला जाग आली ती डब्याच्या दाराशी जळणाऱ्या लहानशा दिव्याने. मी बाहेर कापडी छताखाली निजलो होतो. आई उठली होती. कोणाला हाक न मारता, भिंतीचा आधार घेत ती चार पावले गेली आणि परत येऊन आपल्या गादीवर निजली. सून जागी झाली नाही. नातू जागा झाला नाही. दिवा विझला. मी डोळे मिटून स्वस्थ पडून राहिलो. तीन वर्षे ती ज्याला भीत होती, ते एवढेसेच होते.

पहाटे दर्शन झाले. परत निघताना सामान भरणे चालू होते. सौ. चौरंग मांडून आईला गाडीत चढवू लागल्या, तर आई मध्येच थांबली, आणि काठी टेकीत डब्याच्या पुढच्या टोकाशी गेली. वाकून दांडीवर हात ठेवला, जरा दाबून पाहिले.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "चला आता."